शून्य पाच, शून्य सहा

दाराची कडी हाताला गार लागली नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण पंधरा दिवस कांजिण्यांनी अंथरुणात काढून मी त्या सकाळी पहिल्यांदा कामावर आले होते, अंगात अजून कणकण होती, आणि मला वाटलं, माझाच हात गार असेल.

बायडाबाई नोंदवही छातीशी धरून माझ्यामागं उभी होती.

"रोज दोनदा लिवलंय बगा, ताई," ती म्हणाली. "सकाळी आठाला आन् सांजच्याला पाचाला. एक दिस चुकले न्हाई."

मी दार ओढलं. आतून न्हाणीघरात येते तशी ओलसर ऊब अंगावर आली. दाराशेजारच्या पॅनेलवर लाल आकडे स्वच्छ दिसत होते. वर तापमान, २५.०. खाली आर्द्रता, ८०. मी अंथरूण धरलं त्या दिवशी तिथं २.५ आणि ७५ होतं.

मी वही हातात घेतली. बायडाबाईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिनं पॅनेलवर दिसले तसे ते काढले होते, मोठे मोठे, टिंबासकट. पाच तारखेपर्यंत २.५. सहा मे, १५.०. सात, आठ, तेच. नऊ तारखेपासून २५.०. एकाही आकड्यात खाडाखोड नव्हती.

"खोली ऊन लागाय लागली तवा म्या हितंच उभी ऱ्हाऊन इचार केला," ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली. "पर तुमी निरोप धाडला हुता, बटनाला हात लावू नका, दिसतंय त्ये लिवा. म्हनलं, मशीन शानं हाय. त्येला ठावं असंल."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत."

हे अठ्ठ्याण्णव सालचं. घाटमाथ्यावर वेळेपठार म्हणून गाव आहे, तिथं सप्तधारा रेशीम संघाचं बीज केंद्र होतं. कौलारू इमारत, दोन शीतखोल्या, मागं चार एकर तुती. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकून मी तिथं लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. काम एवढंच की शीतखोलीचं तापमान आणि आर्द्रता ठरल्याप्रमाणे ठेवायची.

रेशमाच्या पतंगाची मादी कागदावर चारपाचशे अंडी घालते, एका पुंजक्यात. त्याला अंडीपुंज म्हणतात. अडीच अंशाला ठेवली की ही अंडी महिनोन्महिने झोपून राहतात. पंधरा अंशावर तीन दिवस ठेवून मग खोली पंचवीसवर आणली, की तिथून अकराव्या दिवशी अळ्या बाहेर पडतात. अळी बाहेर आली की तिला त्याच दिवशी तुतीचा कोवळा पाला लागतो. दुसरं काही ती खात नाही. म्हणून सगळा हिशेब उलटा मांडायचा. आधी तुती कधी छाटली ते बघायचं, पाला कधी येईल ते बघायचं, आणि मग त्या बेतानं अंड्यांना उठवायचं.

मोठी खोली उन्हाळ्यात रिकामीच असे. लहान खोलीत मात्र त्या वर्षी सहाशे अंडीपुंज होते, आणि ते सगळे कुलथे सरांच्या वाणाचे होते.

श्रीपाद कुलथे केंद्राचे प्रमुख. जुलैअखेर निवृत्त होणार होते. हा वाण त्यांनी बारा वर्षं पिढी दर पिढी निवडत आणला होता. अडतीस अंशाच्या उन्हाळ्यात बाकीच्या अळ्या पाला सोडून माना टाकत, सरांच्या अळ्या खात राहत. वाणाला त्यांनी नाव दिलं नव्हतं. वहीत 'वाण क्रमांक नऊ' लिहिलेलं असायचं. जूनमध्ये शेवटची चाचणी होती, ती झाली की संघ हा वाण खालच्या दुष्काळी गावांना देणार होता. त्याची थोडी अंडी दुसऱ्या केंद्रातही ठेवावीत म्हणून सरांनी दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा कागद परत आला. होतं नव्हतं ते त्या लहान खोलीत होतं.

मी काळ्या कागदाखालचा पहिला पुंज उचलून खिडकीशी नेला. झोपलेली अंडी करड्या रंगाची असतात. ह्या अंड्यांत टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसत होता. तो अळीच्या डोक्याचा असतो. काही अंड्यांवर निळसर झाक आली होती.

मग मी पॅनेलचं बटण दाबून धरलं आणि आत भरलेला कार्यक्रम बघितला. सुरुवातीची तारीख लाल आकड्यांत आली. ०५.०६.

ती मी भरली होती. फेब्रुवारीत हे नवं पॅनेल बसलं तेव्हा पुण्याच्या इंजिनिअरनं अर्धा दिवस घालून मला सगळं शिकवलं होतं. कुठल्या तारखेला किती अंश चढवायचं ते एकदा भरून ठेवलं की मशीन आपोआप करतं. तारीख भरताना आधी महिना, मग दिवस, हे त्यानं दोनदा सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं. संध्याकाळी सर म्हणाले, "पाच जूनला उठवू," आणि मी जन्मभर जशी तारीख लिहीत आले तशी भरली. शून्य पाच, शून्य सहा. मशीननं ती सहा मे वाचली.

सर साताऱ्यात घरी होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पाच मेपासून रजेवर. मी ऑफिसातून फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला, मग ते आले.

मी काय झालं ते सांगितलं. कोणामुळे ते नाही सांगितलं.

"ठिपका आहे का निळी पडलीत?" त्यांनी विचारलं.

"ठिपका आहे. थोडी निळी आहेत."

"मग आधी पंधरावर आण. दोन तास. मग पाच. एकदम खाली नेऊ नको. आर्द्रता पंच्याहत्तर ठेव. मी निघतो."

"सर, तुमचा डोळा..."

"एकच केलाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कार्यक्रम रद्द केला, पंधरा भरलं. कॉम्प्रेसर घुरघुरत सुरू झाला. आकडे उतरताना मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. चोवीस पूर्णांक सहा. चोवीस पूर्णांक एक. बायडाबाईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

सर अडीचच्या एसटीनं आले. डोळ्यांवर काळा चष्मा, त्याखाली एका डोळ्यावर हिरवी पट्टी. उतरताना त्यांना पायरीचा अंदाज येईना, म्हणून मी हात धरला, आणि हात धरलेला असतानाच सांगून टाकलं.

"सर, तारीख मी उलटी भरली होती."

ते थांबले. एसटी धुरळा उडवत पुढं गेली.

"इंजिनिअरनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"लिहून घेतलं होतंस?"

"घेतलं होतं."

"बरं," ते म्हणाले. मग थोडं चालल्यावर, "पंचवीसला आज कितवा दिवस?"

"नऊ पुरे झालेत. आज दहावा."

त्यापुढं त्यांनी तो विषय काढला नाही. केंद्रावर आल्यावर त्यांनी एक पुंज हातात घेतला, चष्मा काढून उघड्या डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ बघितला. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी घामानं सुटत होती.

"पाच अंशाला पाच दिवस तग धरतील," ते म्हणाले. "फार तर सहा. पुढं आतल्या आत मरायला लागतात. आता ह्यांना परत झोपवता येत नाही. एकदा जागी झाली ती झाली."

"आणि पाला?"

ते मागच्या दारानं बाहेर गेले. मीही गेले. चार एकर तुती मेच्या पहिल्या आठवड्यात छाटली होती, जूनच्या विसाला पाला यावा म्हणून. घोट्याएवढी खुंटं रांगेनं उभी होती. काहींना गव्हाएवढे तांबडे डोळे फुटले होते. सरांनी वाकून एका डोळ्यावर बोट ठेवलं आणि उठले.

पुढचे दोन दिवस ते फोनवरच होते. आमच्या संघाच्या सगळ्या बागा एकाच वेळापत्रकानं छाटलेल्या, तसं पत्रक सरांनीच काढलेलं. सत्तर किलोमीटरवरच्या एका खासगी बागेवाल्यानं पाला देतो म्हटलं, तर संघाची जीप पाठवली. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेला पाला दुपारी पोचला तेव्हा हातात चुरगळलेल्या कागदासारखा झाला होता. सरांनी एक पान तोंडात धरून चावलं आणि थुंकलं.

"परत पाठवू का जीप? पहाटे तोडला तर?" मी विचारलं.

"रोज? कोष होईपर्यंत सव्वीस दिवस?" ते म्हणाले. "त्याच्याकडे आहे तरी किती."

तिसऱ्या दिवशी बायडाबाईला आठवलं. खाली निंबोड्याच्या डाकबंगल्यात तुतीची झाडं होती. बाग नव्हे, झाडं, साहेबाच्या काळातली, आंब्याएवढी. पोरं त्यांची फळं खायला जात. एक शाळेच्या मागंही होतं. आम्ही जीपनं उतरलो. चार झाडं होती, आणि त्यांना पाला होता. सर बुंध्याशी उभे राहून वर बघत राहिले.

"केसाळ सुरवंट आहेत वर," मी म्हणाले. फांद्यांवर काळी केसाळ पुंजकी दिसत होती, पानांवर त्यांची विष्ठा.

"दिसतायत मला," ते म्हणाले. "औषधाच्या पाण्यात धुऊन, पुसून घालू. दुसरं काही आहे का आपल्याकडे?"

त्यांनी हिशेब केला तो मी ऐकला. चार झाडं, सव्वीस दिवस. वीस पुंज जगतील. एकवीस नाहीत.

परत आल्यावर त्यांनी मला लहान खोलीत बोलावलं. आत पाच अंश होते, आमच्या तोंडातून वाफ येत होती. सहाशे कागद तिवईवर रचलेले.

"वीस काढ," ते म्हणाले.

"मी?"

"माझा एक डोळा बंद आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. मी काढले तर अंदाजानं काढीन."

"कुठले काढू सर?"

"एकसारखे निळे. मधे पांढरी अंडी नकोत. वेगवेगळ्या मातांचे घे, एका घराण्याचे नकोत. नंबर वाचत जा, मी सांगतो."

मी नंबर वाचत गेले. एकेका नंबराला ते "हो" किंवा "नको" म्हणत. काहींना थोडा वेळ लागे. एका नंबराला म्हणाले, "हिची आजी सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये एकटी वाचली होती ट्रेमधली," आणि पुढं, "पण नको, तिच्याच बहिणीचा आधी घेतलास." तासाभरात वीस झाले. माझ्या बोटांना काही लागेना इतकी ती बधिर झाली होती.

"बाकीच्यांचं काय करायचं?" मी विचारलं. "बाहेर काढू?"

"बाहेर काढलेस तर परवा फुटतील. अडीच लाख अळ्या. पाला शोधत मान फिरवतात ते बघितलंयस तू?"

मी बघितलं होतं.

"पाचवरच राहू दे," सर म्हणाले. "बटणाला हात लावायचा नाही. नोंद करत जा."

वीस पुंज अळ्या वाढवायच्या खोलीत, पंचवीस अंशाच्या संगोपनगृहात गेले आणि तिसऱ्या सकाळी उन्हं आल्याबरोबर फुटले. कागदावर काळं केसाळ काहीतरी पसरत गेलं. बायडाबाईनं मोरपिसानं अळ्या चिरलेल्या पाल्यावर ओढून घेतल्या. संघाकडून आलेल्या पत्राला मी खरं ते उत्तर लिहिलं, तारीख मी भरली असं, आणि मला लेखी समज मिळाली. सरांनी त्यावर स्वतःचा शेरा जोडला होता, तो मला दाखवला नाही.

आणि रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता मी लहान खोलीच्या दाराशी उभी राहून नोंद करत होते. पाच पूर्णांक शून्य, पंच्याहत्तर. पाच पूर्णांक शून्य, पंच्याहत्तर. त्या पॅनेलनं एवढं नेमकं काम आधी कधी केलं नव्हतं. एकदा ह्युमिडिफायरचं पाणी संपून आर्द्रता सत्तरवर उतरली तर मी धावत जाऊन बादली ओतली. ओतून झाल्यावर रिकामी बादली घेऊन किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आत पाचशेऐंशी पुंज होते. आठव्या दिवशी निळी अंडी काळपट झाली. दहाव्या दिवशी त्यांना मधोमध खळगे पडायला लागले. मी रोज एक कागद उचलून बघत असे आणि परत ठेवत असे. बाराव्या दिवशी सर दारात आले आणि आत न येता म्हणाले, "आता बंद कर." त्या दिवशी मी मेन स्विच खाली ओढला. कागद बायडाबाईनं आणि मी मागच्या खड्ड्यात नेऊन जाळले.

नंतर पॅनेलजवळ मला काही काम उरलं नाही. मी दिवसभर संगोपनगृहातच राहू लागले.

ते पंचवीस-सव्वीस दिवस मी, सर आणि बायडाबाई तिघंच होतो म्हटलं तरी चालेल. पहाटे जीप खाली जायची, बायडाबाईचे दीर झाडावर चढायचे. पाला यायचा, धुवायचा, फडक्यानं एकेक पान पुसायचं. दिवसातून चार वेळा घालायचा. अळ्यांनी चौथ्यांदा कात टाकल्यावर शाळेमागचं झाड संपलं तेव्हा सरांनी ट्रे कमी केले. कुठले, ते त्यांनी ठरवलं. त्यांची पट्टी सुटली होती, रोज चार वेळा डोळ्यात थेंब घालावे लागत, ते मी घालत असे. थेंब घालून घेताना ते मान मागं टाकून खुर्चीत बसत आणि वाणाबद्दल काहीतरी सांगत. कुठल्या वर्षी कुठली जोडी लावली, कुठली फसली. मी ऐकत असे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अळ्यांनी पाला सोडला आणि कोष केले. आठ हजारांतल्या अकराशे. कोष पातळ होते, पण होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पतंग बाहेर आले, जोड्या लागल्या, माद्यांनी कागदावर अंडी घातली. दोनशे बारा पुंज झाले.

त्या संध्याकाळी सरांनी बायडाबाईला भजी करायला सांगितली. केंद्रात भजी पहिल्यांदाच झाली असावीत. त्यांनी दोनशे बारा कागद टेबलावर मांडले होते आणि त्यांच्याकडे बघत ते खात होते.

"ह्यांना ऑगस्टपर्यंत झोपवू," ते म्हणाले. "मी नसेन तेव्हा. पॅनेल तूच लाव."

मी समोरचा एक कागद सरळ केला.

"आधी महिना," ते म्हणाले, "मग दिवस," आणि भजी पुढं केली.

एक काम राहिलं होतं. अंडी झोपवण्याआधी प्रत्येक मादीची तपासणी करावी लागते. पेब्रीन नावाचा रोग आहे, तो आईकडून अंड्यात जातो आणि एकदा वाणात शिरला की संपूर्ण पट्ट्यातलं रेशीम बुडवतो. मादी खलात घोटायची, तिचा थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मूळ वाणाला नियम कडक. एक जरी मादी रोगट निघाली तरी सगळी खेप जाळायची. तसं केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, खाली सरांची सही होती.

मी खलात घोटून काचा करायची, सर बघायचे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्यांना आता छान दिसत होतं. दर दहा-पंधरा काचांनंतर ते मला बघायला लावत, शिकावं म्हणून. चरबीचे थेंब गोल असतात, लहानमोठे असतात. पेब्रीनचे कण लंबगोल, सगळे एका मापाचे, तांदळाच्या कणीसारखे, आणि चकाकतात. पहिल्या दिवशी ऐंशी काचा झाल्या. सगळ्या निरोगी.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मी खल धूत होते. बराच वेळ सरांनी पुढची काच मागितली नव्हती. वळून बघितलं तर ते डोळा लावून बसले होते. मग त्यांनी मान वर केली, रुमालानं डोळा पुसला.

"पाणी येतंय डोळ्यात," ते म्हणाले. "ही तू बघ."

मी स्टुलावर बसले. एकशे सदतीस नंबरची मादी होती. आधी नुसता पिवळसर प्रकाश दिसला, मग मी चाक फिरवून नजर जमवली. तुकडे, धागे, गोल थेंब. काच सरकवली. कडेला काहीतरी चमकलं. पुन्हा मागं आणली. पाच होते. सहावा थोडा बाजूला. लंबगोल, एका मापाचे, निळसर हिरवे चकाकणारे.

मला डाकबंगल्यातल्या फांद्या दिसल्या, पानांवरची सुरवंटांची विष्ठा. हा रोग त्यातूनही येतो. तो पाला मी स्वतः पुसला होता.

"काय आहे?" सरांनी विचारलं. ते खिडकीजवळ उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

मी डोळा काढला नाही.

"चरबी असेल," ते म्हणाले.

बाहेर बायडाबाई ट्रे आपटून झटकत होती. मी पुन्हा बघितलं. काच थोडी डावीकडे घेतली, थोडी उजवीकडे. ते कण जागच्या जागी होते. मला वाटलं, नाही म्हणता येईल. खोलीत आम्ही दोघंच होतो. ही काच धुऊन टाकली की झालं. एकशे सदतीसचा कागद तेवढा बाजूला काढला तरी उरलेले दोनशे अकरा होते, आणि त्यातले बहुतेक निरोगी असणार होते. बारा वर्षं होती ती. मी एकदा ती घालवली होती.

"प्रमिला," सर म्हणाले. "चरबी आहे का?"

"चरबी गोल असते, सर," मी म्हणाले.

त्यांची पाठ हलली नाही.

"लंबगोल आहेत?"

"हो."

"किती?"

"सहा."

"बरं," ते म्हणाले.

ते येऊन टेबलाशी बसले. नोंदवही त्यांच्यापुढं उघडीच होती. ती माझ्याकडे फिरवून त्यांनी खिशातलं पेन काढून मला दिलं. "लिही."

मी वही जवळ घेतली. वरपासून खालपर्यंत त्यांच्या अक्षरात, निळ्या शाईत, एकाखाली एक 'निरोगी' लिहिलेलं होतं. एकशे छत्तीसपर्यंत. एकशे सदतीससमोर मी लिहायला गेले तर तिथं आधीच एक शब्द होता. पेन्सिलनं, बारीक. 'बाधित.'

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रुमालाची घडी घालत होते.

"पेन्सिलवरनंच लिही," ते म्हणाले. "शाईनं."

मी लिहिलं. माझं अक्षर त्यांच्या अक्षरावर नीट बसलं नाही, पेन्सिलची रेघ बाजूनं दिसत राहिली. मग त्यांनी सही केली आणि बायडाबाईला हाक मारून मागचा खड्डा साफ करायला सांगितलं. दोनशे बारा कागद मी मोजून तिच्या पाटीत दिले. उरलेल्या काचा बघायचं कारण उरलं नव्हतं, तरी सरांनी त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी बघितल्या. पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर निरोगी होत्या.

महिनाअखेरीला त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ. ते तुतीच्या छाटणीवर दहा मिनिटं बोलले आणि खाली बसले. मी आणखी एकवीस वर्षं त्या केंद्रात होते, दुसऱ्या वाणांची अंडी झोपवली आणि उठवली. तारीख भरण्याआधी कोणाला तरी शेजारी उभं करून मोठ्यानं वाचून घ्यायची सवय लागली. उन्हाळ्यात तगणारा वाण संघाला पुढं बाहेरून आणावा लागला, तो आमच्या पठारावर फारसा चालला नाही.

सरांना त्यानंतर दोनदा भेटले. दोन्ही वेळा ते अंगणात पेपर वाचत बसले होते, चष्म्याशिवाय. दुसऱ्या वेळी निघताना मी विचारणार होते, की मी त्या दिवशी चरबी म्हटलं असतं तर त्यांनी ती पेन्सिल खोडली असती का. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. सरांनी पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं, पठारावर यंदा पाला कसा आहे.

"बरा आहे," मी म्हणाले.